चाफ्याला डिझेलचा वास

सोनचाफ्याला उजेडाची घाई असते. मोगरा थोडा थांबतो, झेंडू तर दोन दिवस तोंड न उतरवता पाटीत पडून राहतो. चाफ्याचं तसं नाही. कळी अर्धवट उमललेली असतानाच, अंधारात, कपाळाला बॅटरी बांधून ती काढायची. ऊन लागलं की पाकळ्या फाकतात, आणि फाकलेल्या फुलाला दादरच्या बाजारात कोणी विचारत नाही. म्हणून आमच्याकडे ज्यांच्या वाडीत चाफा आहे त्यांच्या घरात रात्र अडीच-तीनलाच संपते. बायका आकडी घेऊन झाडाखाली, पुरुष मोजायला. शेकड्याच्या हिशेबानं पुड्या बांधायच्या, खोके भरायचे आणि पहाटेची लोकल गाठायची. ती चुकली तर पुढच्या गाडीत मालडब्यातही पाय ठेवायला जागा नसते आणि दादरला भाव उतरायला लागलेला असतो.

आमची वाडी निर्मळ आणि वाघोलीच्या मधे. वीस गुंठे. त्यात चाफ्याची चाळीसेक झाडं, कडेला नारळ, थोडी केळी आणि एक विहीर. पूर्वी या पट्ट्यात पानवेली होत्या, राजेळीच्या बागा होत्या, आगाशीकडे सुकेळी वाळत घातलेली असायची. ते सगळं आता नावापुरतं राहिलंय. चाफा मात्र टिकला, कारण त्याला पाणी कमी लागतं आणि पैसे रोज मिळतात. घरून नालासोपारा स्टेशन सहा-सात किलोमीटर. पहाटे रिक्षा मिळत नाही, एसटीचा तर प्रश्नच नाही. स्कूटरवर चार खोके नेता येतात, पण पावसात पाणी आत जातं. म्हणून २०१३ साली एक छोटी डिझेल गाडी घेतली. मागची सीट पाडली की बारा खोके बसतात. डिझेल त्या वेळी स्वस्त होतं, आणि जो तो डिझेलच घेत होता. नंबरप्लेट एमएच ४८. कागदावर पत्ता जिल्हा ठाणे, कारण पालघर जिल्हा व्हायला अजून एक वर्ष होतं. तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला.

गाडीनं दहा वर्षं काही कुरकूर केली नाही. रोज पहाटे वाडीतून निघायची, बुरूड राजाच्या कोटाच्या बाजूनं स्टेशनला जायची, खोके उतरवून परत यायची. सात किलोमीटर जायचं, सात यायचं. दुपारी कधी भुईगावला, कधी वसईला, एवढंच. बुरूड राजाचा कोट म्हणजे सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला तेव्हा आत दगडी पेटी सापडली होती. जाता जाता रोज त्याच्यावर गाडीचा उजेड पडतो म्हणून सांगितलं, नाहीतर त्याचा इथे काही संबंध नाही.

संबंध आहे तो दादरच्या व्यापाऱ्याचा. आमचा माल वर्षानुवर्षं एकाच गाळ्यावर जातो. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एके दिवशी त्यानं पुडी उघडली, नाकाजवळ नेली आणि माझ्या पुतण्याला म्हणाला, “तुझ्या काकांना सांग, चाफ्याला डिझेलचा वास मारतोय.” पुतण्याला वाटलं मस्करी करतोय. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच सांगितलं आणि शेकड्यामागे भाव पाडला. तिसऱ्या दिवशी चार पुड्या परत पाठवल्या. ज्या फुलाचं सगळं मोल त्याच्या वासात, त्याला दुसरा वास लागला तर राहिलं काय? देवाला कोण वाहील, आणि गजऱ्यात कोण माळेल?

घरात चर्चा झाली. पुतण्याचं म्हणणं लोकलच्या डब्यात कुणाची तरी बुधली असेल. सौ. गप्प होती. मग म्हणाली, “अहो, मी रोज गाडीच्या मागे उभी राहून खोके लावते. महिनाभर झाला, माझ्या पदराला वास येतो. तुम्ही पुढे बसता, तुम्हाला काय कळणार?”

आमच्याकडे पहाटेची पद्धत अशी, की गाडी सुरू करून ठेवायची, मागचं दार उघडायचं आणि खोके भरायचे. तेवढ्यात इंजिन तापतं. मी मागे जाऊन बघितलं. बॅटरीच्या उजेडात सायलेन्सरमधून काळा धूर लोळत येत होता. जड, ओला धूर, जमिनीलगत फिरणारा आणि उघड्या दारातून थेट आत शिरणारा. सौ.ला त्या दिवसांत खोकला होता. पावसाळ्यानंतर वाडीत सगळ्यांनाच खोकला असतो, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

गाडी आणखीही काही सांगत होती. पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरला दम लागत होता, ॲक्सिलेटर दाबला की आधी काळा ढग, मग चाल. आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा कधी लागायचा, कधी विझायचा. पुतण्यानं मोबाइलला जोडायचा एक छोटा स्कॅनर आणला. स्टिअरिंगखालच्या खाचेत तो बसवला की गाडीच्या पोटातलं दुखणं आकड्यांत दिसतं. आकडा आला पी ०४०२. म्हणजे ईजीआरमधून गरजेपेक्षा जास्त धूर आत जातोय.

ईजीआर म्हणजे काय, हे मी सौ.ला ज्या भाषेत सांगितलं त्याच भाषेत इथे लिहितो. इंजिन हवा घेतं, त्यात डिझेलचा फवारा सोडतं, स्फोट होतो, धूर बाहेर जातो. या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के आणि नायट्रोजन अठ्ठ्याहत्तर. नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात नसतो ना मध्यात. पण आतली आग फारच तापली की त्याचाही ऑक्सिजनशी संग होतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण छातीला लागतात, आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन होतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसवर धुरकं साचायचं त्यात यांचा मोठा वाटा. म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडच्या गाड्यांत एक युक्ती आली. बाहेर जाणाऱ्या धुरातला थोडा वळवून पुन्हा हवेबरोबर आत सोडायचा. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे आग थोडी मंदावते आणि नायट्रोजन शांत बसतो. चुलीत लाकडं फार भडकली की आई वर राख टाकायची, तसलाच प्रकार. किती धूर आत सोडायचा हे ठरवणारी एक झडप असते. गाडी हळू चालताना ती उघडते, जोर लावला की बंद होते. नव्या डिझेल गाड्यांत हे सगळं असतंच.

आता डिझेलचा धूर म्हटला की काजळी आली. इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफही त्याच हवेच्या वाटेनं आत सोडलेली असते. काजळी आणि तेल एकत्र आलं की डांबर. लांब पल्ल्याला, जोरात चालणाऱ्या गाडीत यातलं बरंचसं जळून, उडून जातं. पण आमची गाडी रोज सात किलोमीटर. इंजिन धड तापतंय तोवर स्टेशन येतं. सगळा प्रवास दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला, म्हणजे झडप कायम उघडी. दहा वर्षं रोज चमचाभर डांबर ओतत राहिलं तर दुसरं काय होणार? झडप अर्धवट उघड्या जागी चिकटून बसली, आणि जिथे धूर आणि ताजी हवा एकत्र होतात त्या गळ्याला आतून थर चढला. नको तेव्हा धूर आत, हवी तेवढी हवा नाही. मग डिझेल अर्धवट जळणार आणि काळं होऊन मागच्या दारातून चाफ्यात शिरणार.

सौ. म्हणाली, “म्हणजे पाट गाळानं भरलाय आणि वर बांधाचं तोंड उघडं राहिलंय.” एवढ्या कमी शब्दांत मला सांगता आलं नसतं.

हायवेजवळच्या एका गॅरेजला गाडी दाखवली. मेकॅनिक पोरगा हुशार, हात साफ. बॉनेट उघडून दोन मिनिटांत म्हणाला, “काका, नवीन व्हॉल्व्ह टाकला तर दहा-बारा हजार. नाहीतर पट्टी मारतो. पाचशे रुपये.” पट्टी म्हणजे पत्र्याचा तुकडा. धुराच्या वाटेवर, गॅस्केटच्या जागी तो बसवायचा, की धूर आत जाणंच बंद. “पिकअप वाढतो, काळा धूर जातो, कचरा साचत नाही. आपल्या इकडे सगळे टेम्पोवाले हेच करतात.” मी विचारलं, “पीयूसी?” तो हसला. “पीयूसीत पास होणार, उलट आणखी चांगली.”

तो खोटं बोलत नव्हता. पीयूसीच्या केंद्रावर डिझेल गाडीचा धूर किती काळा आहे तेवढंच बघतात. नळी सायलेन्सरमध्ये घालायची, गाडी जागेवर रेझ करायची, धुरातून उजेड किती पार जातो ते यंत्र मोजतं. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजायची सोयच त्यात नाही. म्हणजे पट्टी मारलेली गाडी कागदावर स्वच्छ, आणि न दिसणारा वायू मात्र आधीपेक्षा जास्त. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनचं प्रकरण जगभर गाजलं ते याच वायूपायी. तपासणी चालू आहे हे गाडीतला संगणक ओळखायचा आणि तेवढ्यापुरता साळसूद व्हायचा, रस्त्यावर गेला की मोकाट. जगभरात एक कोटीहून जास्त गाड्या निघाल्या तसल्या. त्यांनी ते काम संगणकाकडून करून घेतलं, आमच्याकडे पत्र्याच्या तुकड्यावर भागतं.

मी घरी येऊन सौ.ला दोन्ही हिशेब सांगितले. दहा हजार आणि पाचशे. चाफ्याचे दिवस असे, की पाचशेच मनात बसले होते. पट्टी मारली की काळा धूर जाणार, वास जाणार, व्यापारी गप्प. तिनं विचारलं, “आणि तो दुसरा, न दिसणारा?”

“तो जास्त येईल.”

“म्हणजे आता दिसतोय म्हणून मी बाजूला तरी होते. मग दिसणारही नाही आणि मी तिथेच उभी.”

यावर काय बोलायचं? मी म्हटलं, “मीच साफ करतो.”

हे म्हणायला मला आधार होता. वीस-बावीस वर्षं मी वालीवच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होतो. आयटीआय केलेला, त्यामुळे पान्याची भीती नाही. पण खरं शिक्षण त्याआधीचं, वाडीतलं. आजोबांच्या वेळी आमच्या विहिरीवर रहाट होता. मातीचे लोटे माळेला बांधलेले, रेडा गोल फिरायचा, आणि रहाटाची ती कुरकुर पहाटेपासून अख्ख्या आळीत ऐकू यायची. ज्या घरचा रहाट थांबला त्या घरी काहीतरी झालंय असं समजायचे. पुढे वडिलांनी रहाट मोडला आणि पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बसवलं. आजोबा चार दिवस विहिरीकडे फिरकले नाहीत. ते इंजिन पुढे वीस वर्षं चाललं, कारण दरवर्षी नवरात्र झालं की वडील त्याचं हेड उतरवायचे. मी समोर बसून कंदील धरायचा. कार्बन खरवडायला ते कधी पटाशी घ्यायचे नाहीत. बांबूची कामटी सोलून तिला धार काढायचे. “लोखंडानं लोखंडाला ओरखडा पडतो, आणि ओरखड्यात पुढच्या वर्षी जास्त कार्बन बसतो,” हे त्यांचं वाक्य. सुटे भाग रात्रभर रॉकेलमध्ये, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे. कोणता नट कुठला, हे कळावं म्हणून इंजिन उघडतील त्याच क्रमानं ते सगळे नट केळीच्या पानावर मांडायचे.

तर मी सोमवार धरला. सोमवारी आम्ही शक्यतो फुलं कमी काढतो. आदल्या रात्री गाडी मांडवाखाली उभी केली, बॉनेट उघडलं आणि ज्या बोल्टांशी काम आहे त्यांच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. हे रात्रीच करायचं. खाऱ्या वाऱ्याचा मुलूख आमचा, अर्नाळ्याचा किनारा काही लांब नाही. दहा वर्षांत न उघडलेला बोल्ट सकाळी एका झटक्यात सुटेल ही आशाच नको. सकाळी इंजिन अगदी थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. मग हवेच्या फिल्टरचा डबा, त्याला लागलेला रबरी पाइप, वर येणाऱ्या दोन नळ्या. प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घेतला. केळीचं पानही मांडलं. फोटोत नट कुठला ते दिसतं, पण हाताला पानाची सवय.

झडप हवेच्या वाटेवर, खोल कोपऱ्यात. वर विजेचा काळा डबा, खाली धातूचं बोंड. आधी वायरीचा सॉकेट काढला. त्याची खिटी जुनी होऊन ठिसूळ झालेली असते, तेव्हा तिथे पक्कड लावायची नाही, बोटानंच दाबायची. दोनांतला एक बोल्ट सरळ आला. दुसरा हलेना. पुतण्या म्हणाला, “पाइप घालून जोर मारू या.” मी त्याला बाजूला बसवलं. ॲल्युमिनियमच्या आट्यांत लोखंडी बोल्ट, जोर मारला तर बोल्ट तुटेल नाहीतर आटे सोबत घेऊन येईल, मग गाडी गॅरेजला ढकलत न्यायची. पुन्हा तेल, अर्धा तास चहा, मग आवळायच्या दिशेनं अगदी किंचित, मग सोडायच्या दिशेनं किंचित. असं वीस वेळा केलं. एकविसाव्याला ‘कट’ असा आवाज आला. पुतण्याचा चेहरा पडला, त्याला वाटलं तुटला. पण तो सुटल्याचा आवाज होता. दोन आवाजांत फरक असतो, तो कानाला कळतो, लिहून सांगता येत नाही.

झडप बाहेर आली ती बघून सौ. म्हणाली, “हे काय, खरवस जळालाय का?” थर बोटभर जाड होता. वरून कोरडा, भुसभुशीत. खाली ओला, चकाकणारा, डांबरासारखा. झडपेची दांडी त्यात अर्ध्यावर रुतून बसलेली. आणि इंजिनाकडे जाणारा गळा बघितला तर जिथे दोन बोटं सहज जायला हवीत तिथे करंगळी जेमतेम जात होती.

साफ करायचं काम दोन भागांत. बाहेर काढलेली झडप सोपी. विजेचा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वर धरायचा, तिथे थेंब जाता कामा नये, आणि फक्त धातूचं बोंड खाली वाटीत. कार्बोरेटर साफ करायचा फवारा मिळतो, तो मारला, दहा मिनिटं थांबलो, कामटीनं खरवडलं, पुन्हा फवारा, मग जुना टूथब्रश. दांडी बोटानं हळूच दाबून बघायची. पहिल्यांदा हलली नाही. तिसऱ्या फवाऱ्यानंतर थोडी आत गेली आणि स्प्रिंगनं परत आली. शेवटी टक्‌टक् अशी मोकळी चालायला लागली. तो फवारा पेट घेणारा असतो, म्हणून हे सगळं उघड्यावर, चूल आणि विडी लांब. हातात मोजे, तोंडाला फडकं. ही काजळी नाकात जायची वस्तू नाही.

दुसरा भाग अवघड, कारण तो गळा इंजिनावरच. तिथे फवाऱ्याचा डबा घेऊन सुटायचं नाही. आत साचलेलं द्रव सिलिंडरमध्ये उतरलं तर डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळायला बघतं आणि भडकतं, नाहीतर दट्ट्याखाली अडकून कनेक्टिंग रॉडच वाकवतं. बाजारात चालू इंजिनाच्या हवेत मारायचे फेस मिळतात, बाटलीवर मोठमोठे दावे असतात. माझा त्यावर विश्वास नाही. बोटभर डांबर वाऱ्यानं धुऊन निघत नसतं, आणि निघालं तर त्याचे तुकडे कुठे जाणार? आतच ना? मी गळ्यात जितकं खोल जाता येईल तिथे फडक्याचा घट्ट बोळा बसवला, त्याला दोरी बांधून दोरीचं टोक बाहेर ठेवलं. मग कामटीनं कोरडंच खरवडायचं, आणि घरातल्या व्हॅक्युम क्लीनरला बारीक नळी लावून तुकडे ओढून घ्यायचे. शेवटचा पातळ थर फवारा मारलेल्या फडक्यानं पुसला. फवारा फडक्यावर, गळ्यात नाही. सगळं झाल्यावर पुन्हा एकदा ओढून घेतलं आणि मगच दोरी धरून बोळा बाहेर काढला.

या एका गळ्याला तीन तास लागले. मधे पाऊस येऊन गेला. मांडवाच्या पत्र्यावर त्याचा आवाज, हातात कामटी, समोर काळं भोक, आणि बाजूला पुतण्या मोबाइलचा उजेड धरून. पोरगा एरवी दहा मिनिटं एका जागी बसत नाही. त्या दिवशी बसला. मधेच म्हणाला, “काका, आजोबा पण असंच करायचे का?” मी म्हटलं, “ते बोलायचे नाहीत. मी बोलतो, एवढाच फरक.”

खरवडून निघालेली काजळी वर्तमानपत्रावर गोळा केली. तांब्याभर भरली. सौ.नं बजावलं होतं, मोरीत धुवायची नाही. आमची मोरी आळ्यात जाते, आळ्यातलं पाणी बावखलाच्या बाजूला झिरपतं. बावखलं म्हणजे आमच्याकडची वाडीतली पावसाची तळी. पावसाचं पाणी त्यात मुरतं म्हणून विहिरी गोड्या राहतात. शहर वाढलं तशी कितीतरी बुजली. जी आहेत त्यांत तेलाचा थेंब टाकायला जीव होत नाही. काजळी, फडकी, वाटीतलं काळं पाणी, सगळं एका प्लॅस्टिकच्या डब्यात भरून झाकण लावलं. जळकं ऑइल घेणाऱ्या भंगारवाल्याला दिलं. तो पुढे काय करतो हे काही माझ्या हातात नाही.

बसवताना गॅस्केट नवं घातलं, शंभर-दीडशे रुपयांचं. जुनं पुन्हा घातलं की तिथून धूर गळतो आणि बॉनेटखाली शिटीसारखा आवाज येतो. बोल्टांना हातानं आटे लावून घेतले, मग दोन्ही आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. फोटो बघत नळ्या जोडल्या, शेवटी बॅटरीची तार. पानावर एकही नट उरला नव्हता.

चावी फिरवली. पहिलं अर्धं मिनिट गाडी डचमळली, आवाज वरखाली झाला, थोडा पांढरा धूर आला. पुतण्या माझ्याकडे बघतोय, मी सायलेन्सरकडे. मग इंजिन एका सुरात बसलं. स्कॅनर लावून जुना आकडा पुसला. सौ. मागे येऊन उभी राहिली. पांढरं फडकं सायलेन्सरसमोर धरलं. दोन मिनिटांनी बघितलं तर फिकट करडा डाग, एवढंच. तिनं फडक्याचा वास घेतला आणि काही न बोलता आत गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “जेवायला या.”

दुपारी गाडी हायवेला काढली. शिरसाडहून वर, खानिवड्याच्या टोलनाक्याच्या पुढे, मनोरपर्यंत. चौथ्या गिअरला इंजिन मुद्दाम चढं ठेवून. सुरुवातीला आरशात एक-दोन काळे झोत दिसले, राहिलेली धूळ उडाली असणार. परतताना आरसा स्वच्छ. पुलाच्या चढावर तिसरा गिअर सोडून चौथ्यावर आली, तेव्हा पुतण्यानं डॅशबोर्डवर हात आपटला.

पहाटेची पद्धत मात्र सौ.नं बदलली. आता आधी सगळे खोके भरायचे, मागचं दार बंद करायचं, मग ती झाडांकडे वळली की मी चावी फिरवायची. गाडी स्वच्छ असो नाहीतर नवी असो. “धूर तो धूरच,” म्हणते. आणि पंधरा दिवसांतून एकदा मनोरची फेरी. त्याचं डिझेल फुकट जातं अशी पुतण्याची तक्रार असते, पण येताना हायवेवर भजी खायची असतात म्हणून येतो.

दादरच्या व्यापाऱ्यानं काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पुडी उघडली, नाकाजवळ नेली, खाली ठेवली आणि जुन्या भावानं पैसे मोजले. पुतण्यानं विचारलं, “वास?” तर म्हणाला, “चाफ्याला चाफ्याचाच येणार ना?”

सौ.चा खोकला जायला दिवाळी उजाडली. तो धुरामुळे होता की हवेमुळे, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आता आळीत बातमी फिरली आहे. शेजारच्या वाडीतल्याचा भाजीचा टेम्पो आहे, त्याला तीन वर्षांपूर्वी पट्टी मारलेली. परवा कुंपणापाशी उभा राहून विचारत होता, “ती काढून पुन्हा नीट करता येईल का हो?” मी म्हटलं, आधी उघडून बघू, आत झडप जिवंत आहे का ते कळेल. गुरुवारी गाडी आण, रात्रीच आण, म्हणजे सकाळपर्यंत थंड होईल. आणि गॅस्केट तुझं तू घेऊन ये. बांबू माझ्याकडे आहे.